रस्ता निरीक्षकाचं राज्य: चंडीगडच्या रॉक गार्डनचं प्रकरण

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चंडीगड प्रशासनासमोर अतिक्रमणाचं एक प्रकरण आलं. शहराच्या उत्तर टोकाला, कॅपिटॉल संकुल (विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या इमारती) आणि सुखना तलाव यांच्या मधल्या झाडीत काहीही बांधायला मनाई होती. नेमकं तिथेच सुमारे बारा-तेरा एकरांवर चौक, पायवाटा, भिंती आणि शेकडो पुतळे उभे असलेले सापडले. जागा सरकारी, परवानगी कसलीच नाही, नकाशा नाही, अंदाजपत्रक नाही. आणि हे सगळं उभं करणारा माणूस बाहेरचा कुणी नव्हता. सार्वजनिक बांधकाम खात्यातलेच एक रस्ता निरीक्षक, नेकचंद सैनी, दिवसा नोकरी करून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वर्षानुवर्षं इथे राबत होते.

नियमाने निकाल सरळ होता. बांधकाम पाडायचं आणि नोकरावर खात्याची कारवाई करायची. झालं भलतंच. १९७६ मध्ये ती जागा लोकांसाठी उघडली. नेकचंदना ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’ असा हुद्दा मिळाला, त्याच कामाचा पगार सुरू झाला आणि हाताखाली पन्नास मजूर आले. निसर्गातून उचललेल्या आणि लोकांनी फेकलेल्या वस्तूंतून काम करणारे कलावंत जगात कमी नाहीत. पण बेकायदा कलाकृतीला सरकारी हुद्दा देऊन जगवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. रॉक गार्डनबद्दल लिहिताना एका स्वप्नाळू, भोळ्या माणसाची गोष्ट सांगायची पद्धत पडली आहे. मला ती अपुरी वाटते. ही बाग एका मुरलेल्या रस्ता निरीक्षकाची आहे, आणि ती कशी वाचली व पुढे कुठे अडली हे त्या नोकरीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन प्रकारचा कचरा

नेकचंद यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा, शकरगढ तहसिलीतल्या बरियां कलां या गावचा. फाळणीत गाव पाकिस्तानात गेलं आणि कुटुंब इकडे आलं. पंजाबनेही तेव्हा लाहोर गमावलं होतं. नवी राजधानी हवी होती. नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला, १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले, आणि १९५१ पासून सूत्रं स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी शहराचं रीतसर उद्घाटन झालं. नेकचंद बांधकाम खात्यात लागले तेही १९५१ च्याच सुमारास. शहर आणि हा माणूस बरोबरच कामाला लागले म्हणायला हरकत नाही.

चंडीगड माळरानावर उभं राहिलं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्यासाठी वीसहून अधिक खेडी उठवली गेली. माणसं सामान घेऊन गेली, पण फुटलेल्या कपबश्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली, गळके डबे तिथेच पडून राहिले. त्यावर नव्या बांधकामाचा राडारोडा येऊन पडला: डांबराची रिकामी पिंपं, तडकलेली वॉशबेसिनं, फेकून दिलेलं विजेचं सामान, दगड होऊन बसलेल्या सिमेंटच्या गोण्या. एका बाजूला पुसलेल्या गावांचा कचरा, दुसऱ्या बाजूला येऊ घातलेल्या शहराचा. रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या माणसाला दोन्हींचे ढीग रोज दिसत. कुठला ढीग कधी उचलला जाणार हेही त्याला आधी कळे.

तिसरा साठा निसर्गाचा होता. चंडीगडच्या मागे शिवालिकच्या टेकड्या आहेत. तिथून उतरणारे पावसाळी ओढे, ज्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात, आणि घग्गर नदीचं पात्र यांत पाण्याने घासून विचित्र आकार आलेले दगड सापडतात. १९५८ च्या आसपास नेकचंद हे दगड सायकलवरून आणून झाडीतल्या आपल्या झोपडीजवळ रचू लागले. सुरुवात दगडांपासून झाली, पुतळे नंतर आले. पहिल्या भागातल्या चौकांत हे दगड आजही चौथऱ्यांवर दरबारी मंडळींसारखे मांडलेले दिसतात. कुणी पाय दुमडून बसलेला, कुणी मान वळवलेला. त्यांवर छिन्नी चाललेली नाही. कोणता दगड उचलायचा आणि कोणत्या दगडाशेजारी ठेवायचा, एवढंच शिल्पकाराचं काम. ते कमी समजू नये. एका चोमध्ये असे हजारो दगड असतात आणि त्यातले बहुतेक नुसतेच दगड असतात.

माल आणि हात

या बागेत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची गवंडीकामाची बाजू. पुतळा कसा होतो ते पाहू. आधी सांगाडा. त्यासाठी सायकलीची मोडकी चौकट, चिमटा, पाइपचे तुकडे आणि तार यांची मोळी. त्यावर हलक्या दर्जाच्या काँक्रीटचा जाड थर देऊन अंग भरायचं. मग वर चांगल्या सिमेंटचा बारीक गिलावा, आणि तो ओला आहे तोवर त्यात चिनी मातीचे तुकडे, बांगड्या, काच, खडे दाबून बसवायचे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवायला चायना चिप्स बसवतात, काम बरंचसं तेच. फरक इतकाच की गच्ची सपाट असते, आणि इथे तोच तुकडा घागर घेतलेल्या बाईच्या खांद्यावरून दंडापर्यंत वळवत न्यायचा असतो. गिलावा सुकायच्या आत निर्णय घ्यावे लागतात. घट्ट झालेल्या मालात तुकडा बसत नाही, नुसता चिकटतो, आणि दोन पावसाळ्यांत गळून पडतो.

म्हणून या कामात रेखाटनाला फारसं स्थान नव्हतं. त्या दिवशी टोपलीत निळ्या किनारीच्या बश्या जास्त असतील तर बाईचा घागरा निळा व्हायचा. बांगड्यांनी मढवलेल्या बायकांकडे जवळून पाहिलं की रंग ओळींनी लावलेले दिसतात: हिरव्यांची ओळ, लालांची ओळ, मधेच सोनेरी. एकाच ढिगातून आलेला माल एकाच पुतळ्यावर संपवलेला असावा असा माझा अंदाज आहे. भट्टीत जास्त भाजून काचेसारख्या झालेल्या विटा, म्हणजे आपल्याकडचं खंगर, आणि ओतशाळेतली मळी यांचाही असाच उपयोग आहे. खंगराचा काळपट खडबडीतपणा माकडं आणि अस्वलांच्या अंगाला जितका शोभतो तितका घडवलेला दगड शोभला नसता.

पुतळे एकेकटे क्वचितच आहेत. वादकांचा ताफा, पाणी भरणाऱ्या बायकांची रांग, घोड्यांचा कळप, पहारेकऱ्यांची फळी. एकेक पुतळा वेगळा काढून पाहिला तर चेहरा अगदी साधा, जवळपास मुलांच्या चित्रातल्यासारखा असतो. संग्रहालयात चौथऱ्यावर एकट्या ठेवलेल्या नेकचंदांच्या बाहुलीसमोर लोक दोन मिनिटंही थांबत नसतील. पन्नास जणी उतरणीवर एकीमागे एक उभ्या असल्या की मग ते गाव वाटतं. परदेशातल्या प्रदर्शनांच्या मर्यादेचं मूळ मला इथे दिसतं.

आणि उतरण. ही बाग म्हणजे मुळात रस्त्याचंच काम आहे. अरुंद पायवाट दोन उंच भिंतींमधून वळत जाते, पुढचं काही दिसू देत नाही. दार इतकं ठेंगणं की वाकूनच जावं लागतं, आणि मान वर केली की एकदम मोकळा चौक. पातळ्या सतत बदलतात. शिवालिकच्या पायथ्याचा पाऊस मुसळधार असतो. अशा जागी पाण्याला वाट न काढता मातीच्या उताऱ्यांवर भिंती उभ्या केल्या तर त्या चार पावसाळेही टिकणार नाहीत. कडेचा आधार, चढाचं गणित, मालात पाणी किती हे सगळं नेकचंद पगार घेऊन शिकले होते. डांबराची पिंपं रस्त्याच्या कामात ढिगाने रिकामी होतात. या बागेच्या भिंतींत तीच पिंपं आहेत. विजेचे चिनी मातीचे टाकाऊ भाग ओळीने बसवून केलेली एक भिंत तर दुरून विणकाम वाटते.

म्हणूनच पाश्चात्त्य कलाजगतातलं त्यांचं वर्गीकरण मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार झां द्युब्युफे यांनी १९४० च्या दशकात कलाशिक्षण न घेतलेल्या लोकांच्या निर्मितीला ‘आर्ट ब्रूट’ म्हटलं, पुढे इंग्रजीत ‘आउटसायडर आर्ट’ रूढ झालं, आणि नेकचंद त्या दालनात जाऊन बसले. कलाशाळेच्या बाहेरचे ते होतेच. पण काँक्रीटच्या बाहेरचे नव्हते. पलीकडच्या कुंपणाआड ल कॉर्बुझिए यांच्या उच्च न्यायालयाच्या भिंतींवर फळ्यांचे ठसे मुद्दाम राखलेले आहेत, इकडे गोणपाटाची वीण उमटलेल्या भिंती आहेत. दोघांचा माल एकच. त्यातल्या एकाला आधुनिक वास्तुकलेचा महर्षी आणि दुसऱ्याला भोळा स्वयंभू म्हणण्यात वर्गभेदाचा वास येतो.

पाडायचं की ठेवायचं

आता निर्णयाकडे. पाडण्याच्या बाजूचा युक्तिवाद कमजोर नव्हता. चंडीगड हे नियमांनी बांधलेलं शहर होतं. कॅपिटॉलच्या आसपासचा पट्टा मोकळाच राहावा हा मूळ आराखड्याचा भाग होता. ल कॉर्बुझिए यांनी शहराच्या रहिवाशांसाठी लिहून ठेवलेल्या फर्मानात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असंही कलम आहे. (नेकचंदांचे पुतळे कुण्या पुढाऱ्याचे नव्हते, तेव्हा शब्दशः पाहिलं तर ते कलम त्यांना लागू होत नाही. हा कज्जेदलाली मुद्दा झाला, पण गमतीचा आहे.) शिवाय एका नोकराला माफ केलं की उद्या दुसरा येणार.

ठेवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत एम. एस. रंधावा यांचं वजन मोठं ठरलं. ते सनदी अधिकारी, त्यातही वनस्पतिशास्त्रज्ञ, चंडीगडच्या झाडांचं नियोजन त्यांच्या देखरेखीखाली झालेलं. बाग आहे तशी राखावी आणि वास्तुविशारद व नगररचनाकारांनी तिच्यात हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. दरम्यान बातमी बाहेर फुटली होती आणि लोक झुंडीने पाहायला येऊ लागले होते. पाडायचं म्हटलं असतं तर आता गुपचूप पाडता आलं नसतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण रॉक गार्डनच्या गौरवात ती हरवते. ज्या मजुरांनी चंडीगड बांधलं त्यांना आराखड्यात घरं नव्हती. त्यांच्या झोपड्याही बेकायदाच होत्या आणि त्यांना मात्र हुद्दा मिळाला नाही. अशा वस्त्यांपैकी कॉलनी नंबर पाच २०१३ मध्ये जमीनदोस्त झाली, कॉलनी नंबर चार २०२२ मध्ये. नियमाला अपवाद कलेसाठी निघाला, निवाऱ्यासाठी निघाला नाही. म्हणून नेकचंदांचं काम कमी होत नाही, पण ‘व्यवस्थेने मन मोठं केलं’ ही भाषा जरा जपून वापरावी.

तरी तो निर्णय कसा घेतला गेला यात शिकण्यासारखं आहे. प्रशासनाला सोपा मार्ग होता: जागा कलाखात्याकडे किंवा उद्यान विभागाकडे द्यायची, नेकचंदांना शाल-श्रीफळ देऊन बाजूला करायचं आणि तज्ज्ञांची समिती नेमायची. तसं न करता त्यांना त्यांच्याच खात्याच्या शिडीवर वर चढवलं. उपविभागीय अभियंता म्हटल्यावर मजूर मिळतात, सिमेंट मिळतं, ट्रक मिळतो. कलावंत म्हणून मागितलं असतं तर प्रत्येक पोत्यासाठी अर्ज करावा लागला असता. शहरात ठिकठिकाणी टाकाऊ माल गोळा करायची केंद्रं उघडली. सायकलवरून रात्री आणावा लागणारा फुटक्या भांड्यांचा माल आता दारात येऊ लागला.

मोठं झाल्यावर

पन्नास मजुरांनी बागेचं रूप बदललं. १९८३ पर्यंत दुसरा भाग पुरा झाला. त्यात धबधबे, दऱ्या, काँक्रीटची झाडं आणि लोंबणारी मुळं आहेत. इथे नेकचंद दगड वेचत नाहीत, निसर्ग बांधतात. काही ठिकाणी ते विलक्षण साधलं आहे: मुळं खरी कुठे संपली आणि काँक्रीट कुठे सुरू झालं हे सावलीत चटकन कळत नाही. तिसऱ्या भागात भव्य कमानी, त्यांना टांगलेले झोपाळे, खुलं रंगपीठ. लोकांना हा भाग आवडतो, मुलं झोपाळ्यावरून उतरत नाहीत. मला तो बागेचा सर्वांत विरळ भाग वाटतो. पहिल्या भागात एका माणसाला उचलता येईल तेवढ्या मापात सगळं घडलंय आणि त्यामुळे दर दोन पावलांवर काहीतरी आहे. क्रेन आली की दोन वस्तूंमधलं अंतर वाढतं. बाग एकूण सुमारे चाळीस एकरांवर गेली.

मान मिळत गेले. १९८० मध्ये पॅरिसचं पदक, १९८३ मध्ये भारतीय टपाल खात्याचं तिकीट, १९८४ मध्ये पद्मश्री. वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयात त्यांनी छोटी बाग केली. ते संग्रहालय २००४ मध्ये बंद झालं आणि तिथल्या पुतळ्यांना नवी घरं शोधावी लागली. विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकल कोहलर कला केंद्राकडे आज त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे, लोझानच्या आर्ट ब्रूट संग्रहातही ते आहेत. रोज सरासरी पाच हजार लोक रॉक गार्डन पाहतात, असा आकडा वारंवार दिला जातो.

घरी मात्र सगळं सुरळीत नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बागेचा भाग पाडून रस्ता काढायचा घाट घातला गेला. बुलडोझर आले तेव्हा नागरिकांनी हातात हात घालून साखळी केली आणि प्रकरण न्यायालयात बागेच्या बाजूने सुटलं. १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना बागेत तोडफोड झाली, पुतळे फोडले गेले. त्याच वर्षी निधीही आटला होता. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झालं आणि देखभालीसाठी स्वयंसेवक येऊ लागले. हुद्द्याचं संरक्षण त्या हुद्द्यावरचा माणूस हजर असेपर्यंतच होतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

नेकचंदांनंतर

१२ जून २०१५ रोजी नेकचंद गेले. त्यानंतरचा प्रश्न अवघड आहे आणि तो अधिकाऱ्यांच्या नालायकीने उभा राहिलेला नाही, कामाच्या स्वरूपातच आहे. काँक्रीटमध्ये पाणी शिरलं की आतलं लोखंड गंजतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि वरचा थर फुटतो. इमारतीत सळया कुठे आहेत हे नकाशात असतं. इथे नकाशाच नाही. या बाईच्या दंडात सायकलचा चिमटा आहे की पाइप, हे तोडल्याशिवाय सांगता येत नाही. बरं, दंड नव्याने केलाच तरी त्यावर बसवायच्या बांगड्या आणायच्या कुठून? आज बाजारात मिळणारी बांगडी वेगळी, कपबश्यांवरची नक्षी वेगळी. गावं उठल्यानंतरच्या ढिगातला तो विशिष्ट माल एकदाच उपलब्ध होता. दुकानातून नवीकोरी बशी आणून फोडायची आणि पुतळ्यावर लावायची, तर कामाचा मूळ नियमच मोडतो.

माझ्या मते दुरुस्तीत नवा तुकडा आजच्याच शहराच्या कचऱ्यातला असावा, आणि तो नवा आहे हे दिसू द्यावं. जीर्णोद्धारातले शुद्धतावादी याला नाक मुरडतील. पण नेकचंद हयात असते तर त्यांनी दुसरं काय केलं असतं?

भिंतींचं संकट पुन्हा आलं ते जुन्याच दिशेने. कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्यातल्या उच्च न्यायालयाकडे येणाऱ्या गाड्यांची गर्दी दरवर्षी वाढते आहे. २०२५ च्या सुरुवातीला न्यायालयाजवळचा रस्ता रुंद करायला आणि गाड्या लावायला जागा करायला रॉक गार्डनच्या बाहेरच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. शहरातले लोक, वास्तुविशारद, निवृत्त अधिकारी निषेधाला रस्त्यावर आले. ती बाहेरची कडा आहे, आतल्या पुतळ्यांना धक्का नाही, असं म्हणता येईल. पण या बागेत भिंत हे कुंपण नसून रचनेचा कणा आहे. बाहेरचं शहर दिसू नये, आवाज येऊ नये, पुढचा चौक अचानक उघडावा, हे सगळं भिंतीच करतात.

पुन्हा तशीच बांधायची म्हटली तर बांधणार कोण? पद अजून असेल, अंदाजपत्रकही होईल. नेकचंदांच्या हाताखाली वर्षानुवर्षं माल कालवलेले गवंडी आणि मजूर मात्र आता म्हातारे होत चालले आहेत. गिलावा किती ओला असताना कोणता तुकडा दाबायचा, पिंपांच्या भिंतीत पाण्याची वाट कुठे सोडायची, हे त्यांच्याकडे आहे आणि कुठल्याही कार्यालयात नाही. प्रशासनाने बागेसाठी पुढचा रुपया खर्च करायचा असेल तर तो या लोकांना रोजंदारीवर बोलावून, प्रत्येक चौकात उभं करून, ते सांगतील ते लिहून आणि चित्रित करून घेण्यावर करावा. झोपाळ्यांचे दोर नंतरही बदलता येतील.